खाद्यपदार्थांतील पिवळा रंग : परवानगी आणि मर्यादा



जत्रेतील जिलेबी, लग्नातील बुंदीचे लाडू, शाळेच्या फाटकापाशी मिळणारा बर्फाचा गोळा यांचा पिवळा रंग आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. तथापि, हा पिवळा रंग एकाच पदार्थाचा असतो असे नाही. बाजारात आढळणाऱ्या पिवळ्या रंगांपैकी काही खाण्यास योग्य म्हणून कायद्याने मान्य केलेले आहेत, तर काही मुळात कापड, कातडी व कागद रंगविण्यासाठी तयार झालेले आहेत. नुसत्या डोळ्यांना हा भेद दिसत नाही. म्हणूनच त्याविषयी चार गोष्टी आपल्यापुढे मांडण्याचे मी योजिले आहे.

मान्य पिवळ्या रंगांपैकी प्रमुख रंग म्हणजे टार्ट्राझिन होय. स्विस रसायनशास्त्रज्ञ योहान हाइनरिख त्सीग्लर यांनी १८८४ साली त्याचा शोध लावला. हळदीचा रंग पाण्यात नीट विरघळत नाही व उन्हात फिका पडतो. टार्ट्राझिन पाण्यात सहज विरघळते आणि उष्णता व प्रकाश यांपुढे टिकून राहते. याच गुणांमुळे मिठाई, बिस्किटे, आइस्क्रीम, सरबते, कस्टर्ड पावडर, तसेच औषधांच्या गोळ्या यांत त्याचा वापर रूढ झाला. वेष्टनावर ते 'आयएनएस १०२' या क्रमांकाने दर्शविले जाते.

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये झालेल्या २०११ च्या विनियमांनी असे कृत्रिम रंग ठरावीक पदार्थांतच वापरण्यास मुभा दिली असून, मिठाईसारख्या पदार्थांत त्यांचे प्रमाण एक किलोस १०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असता कामा नये. डाळी व मसाले यांत तर कोणताही कृत्रिम रंग घालता येत नाही.

या मर्यादेचे महत्त्व हिशेबाने स्पष्ट होईल. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व शेती संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१६ साली टार्ट्राझिनचे ग्राह्य दैनिक प्रमाण शरीराच्या दर किलो वजनास १० मिलिग्रॅमपर्यंत ठरविले. त्यानुसार २० किलो वजनाच्या मुलास दिवसाला २०० मिलिग्रॅम ही सीमा होते. नियमानुसार रंगविलेली मिठाई दोन किलो खाल्ली, तरच ती गाठली जाईल. परंतु कारागिराने चिमटीच्या अंदाजाने दहापट रंग टाकला, तर तीच सीमा २०० ग्रॅम मिठाईतच गाठली जाते. शुद्ध रंगाचा एक ग्रॅम दहा किलो मालास पुरतो, हे प्रत्येक हलवायास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

काही थोड्या व्यक्तींना टार्ट्राझिनमुळे अंगावर पित्त उठते, तर काही दमेकऱ्यांना त्रास होतो. इंग्लंडमध्ये २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टार्ट्राझिनयुक्त रंगमिश्रण व परिरक्षक दिलेल्या काही मुलांच्या चंचलतेत किंचित वाढ दिसली. त्यानंतर युरोपीय संघाने रंगावर बंदी न घालता २०१० पासून वेष्टनावर तशी सूचना छापणे बंधनकारक केले.

खरा धोका मेटॅनिल यलो या रंगाचा आहे. तो खाद्यरंग नव्हेच. प्राण्यांवरील प्रयोगांत त्याचे मेंदूवर व यकृतावर अनिष्ट परिणाम दिसून आले आहेत. तरीही स्वस्त म्हणून तो तूरडाळ, हळदपूड व मिठाईत मिसळल्याची उदाहरणे आढळतात. शाळेच्या प्रयोगशाळेत शिक्षकांनी स्वतः, योग्य ती काळजी घेऊन, डाळ भिजविलेल्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे काही थेंब टाकल्यास व पाणी गुलाबी झाल्यास या रंगाचा संशय घ्यावा. हळदपुडीचाही रंग आम्लाने लालसर होतो. मात्र पाणी घातल्यावर तो गेला तर हळदीचा, राहिला तर भेसळीचा समजावा. ही केवळ प्राथमिक खूण होय. निर्णय अन्न विश्लेषकाचाच.

कलम ४० अन्वये कोणाही ग्राहकास शुल्क भरून नमुना तपासून घेता येतो, आणि नमुना सदोष ठरल्यास ते शुल्क परत मिळते. ग्रामपंचायतींनी जत्रेपूर्वी विक्रेत्यांना एकत्र बोलावून सुटा, बिननावाचा रंग न वापरण्याविषयी समज द्यावी, आणि संशय आल्यास जिल्ह्यातील अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयास कळवावे. शिक्षकांनी मुलांना वेष्टन वाचावयास शिकवावे. पदार्थ जितका अधिक पिवळा तितका तो अधिक चांगला, ही आपलीच समजूत विक्रेत्याच्या हातून जादा रंग टाकविते. ती आपण सोडली, तर कायद्याचे काम पुष्कळ सोपे होईल.