तेलगावच्या चौफुलीवर स्वागत असो

संमेलनाचे माननीय अध्यक्ष, उद्घाटक महोदय, ठिकठिकाणच्या मंडळ्यांमधून आलेले पाळक, धर्मगुरू व धर्मभगिनी, लेखक, अभ्यासक आणि तेलगाव पंचक्रोशीतील माझ्या बंधुभगिनींनो,

ख्रिस्ती श्रद्धा, त्या श्रद्धेच्या सोबतीने वावरणारा संशय आणि समाजातील न्याय असा गहन विषय चर्चेस घेऊन आपण मुंबई, पुणे, नाशिक, वसई यांसारखी सोयीची शहरे सोडून बीड जिल्ह्यातील या लहानशा गावी यावयाचे कबूल केलेत, याबद्दल समस्त गावकऱ्यांच्या वतीने मी आपले अंतःकरणपूर्वक स्वागत करतो. मी वारकरी घराण्यातला, शेती करणारा माणूस आहे. धर्मशास्त्राच्या सूक्ष्म प्रश्नांवर बोलण्याचा अधिकार मला नाही, आणि स्वागताध्यक्षाने तो गाजवूही नये. ज्या भूमीवर आपण विचार करावयास बसणार आहात, तिची ओळख करून द्यावी, आणि त्या भूमीच्या वतीने एक मागणे आपल्यापुढे ठेवावे, एवढेच माझे काम.

तेलगाव हे धारूर तालुक्यातील गाव. बीडहून वडवणीमार्गे सिरसाळ्याकडे व परळीकडे जाणारा रस्ता आणि माजलगावहून धारूर, केजकडे जाणारा रस्ता यांचा छेद येथे होतो, आणि त्या चौफुलीवरच आमच्या गावाचा संसार उभा आहे. वैजनाथाचे यात्रेकरू, बाजाराला निघालेले शेतकरी, बदलीच्या ठिकाणी रुजू होणारे शिक्षक आणि हंगामाला निघालेले मजूर यांना थोडा वेळ का होईना, येथे थांबावेच लागते. दक्षिणेस बालाघाटाचा डोंगर चढला की धारूरचा किल्ला लागतो. किश्वरखान नावाच्या आदिलशाही सरदाराने १५६७ च्या सुमारास बांधविलेला हा किल्ला १६३१ साली मोगलांकडे गेला, आणि तेथपासून पातशाह्या बदलल्या, सुभे बदलले, महसुलाची दप्तरे एका हातातून दुसऱ्या हाती गेली, तरी घाटाखालच्या कुणब्याची व अठरापगड जातींची वहिवाट फारशी पालटली नाही. उत्तरेस गोदाकाठी पुरुषोत्तमपुरी आहे. तेथे सापडलेला यादव राजा रामचंद्रदेवाचा शके १२३२ चा ताम्रपट इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे.

अंबाजोगाईचे नाव घेतल्यावाचून आमच्या भागातील कोणताही वक्ता पुढे जात नाही. मीही जाणार नाही. तेथे आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आहे, आणि लांबलचक वस्त्रावर अध्यात्म लिहून काढणाऱ्या दासोपंतांची ती पासोडीही तेथलीच. या प्रसंगी मला विशेष सांगावेसे वाटते ते असे की, सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात ज्या सुमारास दासोपंतांनी देह ठेवला, त्याच सुमारास, म्हणजे १६१६ साली, गोमंतकातील रायतूर येथे फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून बाहेर पडले. आमचा दासोपंत ज्या ओवीत गीतेचा अर्थ उलगडीत होता, त्याच ओवीत तो परदेशी संन्यासी ख्रिस्ताचे चरित्र सांगत होता. दोघांची भेट झाली नाही, एकाचे नावही दुसऱ्याच्या कानी गेले नसेल, परंतु मराठी भाषेने दोघांनाही एकाच पंक्तीस बसविले. आज आपण येथे पाहुणे म्हणून आलात खरे, तथापि ओवीच्या नात्याने पाहिले तर आपण आमच्या घरचेच आहात.

आता आमच्या अभिमानाच्या स्थानाविषयी. कोरडवाहू ज्वारीचा हा मुलूख. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून पोटे भरलेली माणसे आजही या सभागृहात बसली आहेत. सिंदफणा नदीवर माजलगावचे धरण झाले, जायकवाडी प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्यातले हे धरण १९८७ साली पूर्णत्वास गेले, आणि ज्या रानात कुसळे उगवत होती तेथे ऊस डोलू लागला. त्या उसाला घर मिळाले ते तेलगावच्या साखर कारखान्यात. महाराष्ट्राचे उपमुख्यमंत्रिपद १९७८ साली भूषविलेले आमच्या भागाचे नेते सुंदरराव सोळंके यांचे नाव त्या कारखान्यास आहे, आणि त्याच्या परिसरास आम्ही सुंदरनगर म्हणतो. सहकाराने येथे केवळ साखर पिकविली नाही. शेतकऱ्याच्या पोराला सभासदाचा भागदाखला दिला, सर्वसाधारण सभेत उभे राहून प्रश्न विचारण्याचा हक्क दिला, आणि ज्यांच्या पूर्वजांनी तालुकदाराच्या कचेरीत मान वर केली नव्हती त्यांना हिशेब मागावयास शिकविले. हे ऋण आम्ही विसरू शकत नाही.

परंतु या प्रदेशाने एका माणसाला मात्र विसरून टाकले आहे, आणि आजच्या दिवशी त्यांचे स्मरण न करणे मला अपराधासारखे वाटेल. रेव्हरंड नारायण शेषाद्री हे त्यांचे नाव. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या विद्यालयात शिकत असता या ब्राह्मण तरुणाने १८४३ साली बाप्तिस्मा घेतला आणि सारी मुंबई हादरली. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या आश्रयास गेला होता. न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले, तेव्हा त्याला जातीत परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करला. एकाच घरातला एक भाऊ चर्चमध्ये गेला, दुसऱ्याला परत आणण्यासाठी मराठी पत्रकारितेचा जनक झगडला. त्या काळच्या महाराष्ट्राचे सगळे धर्मसंकट त्या एका घरात एकवटले होते. पुढे नारायणरावांनी निजामाच्या मुलखात, आपल्या मराठवाड्यात, जालन्याजवळ ठाण मांडले; दरबाराकडून जमीन मिळविली आणि बेथेल नावाची वसाहत उभारली. गावकुसाबाहेर ठेवलेल्या मांग समाजाच्या नवख्रिस्ती कुटुंबांना तेथे स्वतःची घरे व स्वतःची शेती मिळाली. १८७३ साली न्यूयॉर्कच्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत पागोटे घालून उभा राहिलेला हा मराठी माणूस १८९१ साली निवर्तला. परिषदेचा मान थोर खरा, पण आमच्या लेखी त्यांची थोरवी बेथेलच्या जमिनीत आहे, कारण ज्याला गावात पाय ठेवण्यास बंदी होती त्याला त्यांनी उभे राहण्यास जागा दिली.

मी वर म्हणालो की धर्मशास्त्र मला कळत नाही. तथापि मराठी ख्रिस्ती समाजातील थोरांची चरित्रे वाचताना एक गोष्ट वारंवार माझ्या ध्यानी आली आहे, ती आपल्या अनुज्ञेने सांगतो. त्यांचा संशय कधी केवळ पुस्तकात राहिला नाही. त्याचा शेवट नेहमी एखाद्या नव्या तजविजीत झाला. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला, परंतु त्यानंतरही सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी त्रैक्याच्या सिद्धांतावर शंका घेतल्या, आणि आपल्या सदसद्विवेकावर कोणा आचार्याचा हुकूम चालू द्यावयाचे नाकारले. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. त्या प्रश्नकर्त्या स्त्रीने पुढे १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले आणि केडगावला मुक्तिसदन उभारून दुष्काळातल्या अनाथ मुलींना व टाकलेल्या विधवांना छप्पर दिले. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलो असे मानणारे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांना अखेरच्या काळात मिशनच्या पगाराचा व कुंपणाचा संशय आला. १९१७ साली साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही मानाने बसविले.

आणि तिसरे उदाहरण तर आमच्या शेजारचेच. आमच्या जिल्ह्याच्या पाटोदा-आष्टी भागाला लागून असलेल्या जामखेडला डॉक्टर रजनीकांत आरोळे व डॉक्टर मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली आले. वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली व अमेरिकेत प्रशिक्षण घेतलेली ही दोघे मोठा दवाखाना बांधून सुखाने राहू शकली असती. परंतु दवाखान्याच्या भिंतीआड बसून आजार बरा होतो की केवळ त्याचे बिल होते, हा संशय त्यांना स्वस्थ बसू देईना. म्हणून त्यांनी गावोगावच्या निरक्षर बायांना, त्यांत दलित बाया पुष्कळ, आरोग्यसेविका म्हणून तयार केले. बाळंतपण, पोषण, कुष्ठरोग, क्षयरोग यांचे ज्ञान त्यांच्या हाती सोपविले. दुष्काळात पाण्यासाठी बोअर घ्यावयाची वेळ आली, तेव्हा ती दलित वस्तीत घेण्याची तजवीज त्यांनी केली, जेणेकरून पाण्यासाठी सवर्णांची घागर त्या वस्तीत यावी. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले, जगभरातून लोक जामखेड पाहावयास आले. परंतु त्या हातपंपाजवळ ज्या दिवशी दोन जातींच्या घागरी शेजारी टेकल्या, त्या दिवसाचे मोल कोणत्याही पारितोषिकाहून अधिक आहे असे मी मानतो. रमाबाईंच्या संशयातून घर निर्माण झाले, टिळकांच्या संशयातून दरबार, आरोळ्यांच्या संशयातून पाणी.

या भागाने ख्रिस्ती साहित्यिकाचा मान राखल्याचे स्मरणही ताजे आहे. २०२० च्या जानेवारीत शेजारच्या धाराशिव येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. त्यांच्या निवडीस काहींनी विरोध केला, तरी मराठवाड्याच्या रसिकांनी त्यांना शांतपणे ऐकून घेतले. ‘सुबोध बायबल’ मराठीस देणारे व वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी लढणारे फादर २०२४ साली आपल्याला सोडून गेले. त्यांना या व्यासपीठावरून मी आदरांजली अर्पण करतो.

आता माझे मागणे. ज्या उसाचा अभिमान मी आत्ता सांगितला, तो ऊस तोडणारा हात आमच्याच जिल्ह्याचा आहे. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडण्यासाठी नवरा-बायकोचा एक कोयता, अशा हजारो जोड्या पोरांसह आणि जनावरांसह सांगली, कोल्हापूर, सातारा, पुण्याकडे, पुढे कर्नाटकातही निघतात. आमच्या वाड्या-तांड्यांवर म्हातारी माणसे आणि कुलपे उरतात. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या चौकशीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढल्याचे आढळले. खाडा पडला की दंड, दुखणे आले की कर्ज, अशा हिशेबात बाईचे शरीरही जमेस धरले गेले, ही गोष्ट आम्हा सहकाराचा अभिमान बाळगणाऱ्यांच्या काळजाला टोचते. आपल्या चर्चेत दलित ख्रिस्ती बांधवांचा प्रश्न येईलच. १९५० च्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, पुढे त्या १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध दलितांना मिळाल्या, पण बेथेलमध्ये घर मिळालेल्यांच्या वारसांना मात्र अद्याप मिळालेल्या नाहीत. त्या अन्यायाचाही येथे नीट विचार व्हावा.

पाहुणेहो, आपल्यापैकी अनेकांच्या मंडळ्या, शाळा व दवाखाने ज्या साखरपट्ट्यात आहेत, त्याच पट्ट्यात आमची माणसे वर्षातील निम्मा काळ पाचटाच्या कोपीत राहतात. आपल्या उपासनामंदिराची घंटा त्यांच्या कोपीपर्यंत ऐकू येते. त्यांच्या पोरांना त्या काळापुरती शाळा मिळेल काय, बाईला शस्त्रक्रियेआधी दुसऱ्या डॉक्टराचा निःस्वार्थ सल्ला मिळेल काय, मुकादमाच्या वहीतील हिशेब कोणी वाचून दाखवील काय, असे प्रश्न आपण स्वतःस विचारावेत, आणि येथून उठताना एखादी तजवीज ठरवूनच उठावे, एवढे तेलगावचे मागणे आहे.

व्यवस्थेविषयी मात्र मी संकोचाने बोलतो. गाव लहान, निवासाची सोय काही पाहुण्यांसाठी शाळेच्या वर्गांत व काहींसाठी गावकऱ्यांच्या घरी करावी लागली. गळिताचा हंगाम ऐन भरात असल्याने चौफुलीवर उसाच्या ट्रॅक्टरांची रीघ लागते आणि आपल्यापैकी कित्येकांना तेथे ताटकळावे लागले. वीज मध्येच जाते, म्हणून जनित्राची तरतूद केली आहे. त्याचा आवाज सभागृहास त्रासदायक झाल्यास क्षमा असावी. पिण्याचे पाणी शुद्ध आहे, याची खातरजमा स्वयंसेवकांनी स्वतः केली आहे. आंघोळीच्या पाण्याला मात्र थोडी वाट पाहावी लागेल. जेवणात भाकरी, पिठले, ठेचा आणि आमच्या रानातला गूळ आहे. काकवीही ठेवली आहे. ती मागून घ्यावी. वृद्ध पाहुण्यांना व लहान मुलांना जे कमी पडेल ते कोणत्याही घरी निःसंकोच सांगावे. कोणतेही दार परके समजू नये.

ज्यांच्या आधाराने हे सारे उभे राहिले त्यांचे ऋण मोठे आहे. सभागृह विनामूल्य देणारी येथील शिक्षणसंस्था. मंडपाचा खर्च उचलणारे आडत व्यापारी. धान्याची पोती पोचविणारे शेतकरी. दुधाची सरबराई करणारे गवळी बंधू. पाण्याचे टँकर देणारे ठेकेदार. भाकरीचा भार वाहणाऱ्या बचतगटाच्या भगिनी. रात्रभर जागणारे तरुण स्वयंसेवक. बंदोबस्त पाहणारे पोलीस कर्मचारी. आणि पहिल्या बैठकीपासून सर्वांना धीर देणारी पंचक्रोशीतील ख्रिस्ती कुटुंबे, या सर्वांचे मी मनःपूर्वक आभार मानतो. नाव न सांगण्याच्या अटीवर देणगी देणाऱ्यांत उसतोडीला जाणारी काही कुटुंबेही आहेत. त्यांच्या देणगीची रुजवात या संमेलनाच्या कामाने व्हावी, अशी माझी प्रार्थना आहे.

तेलगाव पंचक्रोशीच्या वतीने सर्वांचे पुनश्च स्वागत करून, संमेलनाध्यक्षांनी आसन ग्रहण करावे व कामकाजास आरंभ करावा, अशी त्यांना विनंती करतो.