मुलगी मेकॅनिकल शिकते तेव्हा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही व्याख्याती नव्हे. आमच्या गावची शाळा सातवीपर्यंतच होती, तिथेच माझे शिक्षण थांबले. परंतु माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिचा अभ्यास घरात राहून मी जसा पाहिला तसा सांगावा, असे चिटणीसबाईंनी सुचविले, म्हणून उभी आहे.

“हे पुरुषांचे काम,” असे मला पुष्कळजणींनी ऐकवले. त्यांना सांगते की, इला मजुमदार यांनी १९५१ साली बंगालमधल्या शिवपूरच्या कॉलेजातून हीच पदवी घेतली. मेकॅनिकलची पदवी घेणाऱ्या त्या भारतातल्या पहिल्या स्त्री. म्हणजे वाट केव्हाच पडलेली आहे.

हा अभ्यास चार वर्षांचा, आठ सत्रांचा. पहिल्या वर्षी वर्कशॉप असते. कानशीने लोखंडाचा तुकडा घासायचा आणि गुण्या लावून काटकोन तपासायचा. मुलीच्या हाताला फोड आले, पण काटकोन साधला. ड्रॉइंगमध्ये एकच वस्तू समोरून, वरून व बाजूने काढायची. पत्र्याचे नळकांडे उलगडले तर सपाट कसे दिसेल, तेही काढायचे. मी म्हटले, “अगं, ही तर बाही बेतण्याचीच विद्या!”

दुसऱ्या वर्षी मात्र उष्णतेच्या विषयात, थर्मोडायनॅमिक्समध्ये, ती नापास झाली. नातलग म्हणू लागले, “पोरीला झेपत नाही, आता स्थळे बघा.” दोन दिवस ती धड जेवली नाही. राहिलेला विषय मागे ठेवून पुढच्या वर्गात जाण्याची सोय असते, तिला मुले ए. टी. के. टी. म्हणतात. ती तिला मिळाली. आम्ही दोघांनी ठरवले की, एका विषयापायी तिचे कॉलेज सोडवायचे नाही.

ती सोडवलेली गणिते वाचून पाठ करी आणि परीक्षेत आकडे फिरले की अडे. मी तिला सांगितले, “रात्री भांडी आवरली की रोज अर्धा तास मला शिकव. मला कळले तर तुला कळले.”

एकदा तिने कुकर समजावला. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांना उकळते. कुकरमध्ये वाफ कोंडून दाब सुमारे दुप्पट होतो, म्हणून पाणी १२० अंशांच्या आसपास उकळते व डाळ लवकर शिजते. मी विचारले, “मग शिट्टीनंतर गॅस मोठा ठेवला तर आणखी लवकर शिजेल का?” ती थांबली. पुस्तकातले वाफेचे तक्ते काढून बसली. मग म्हणाली, “नाही आई. शिट्टी दाब वाढू देत नाही, आणि दाब वाढला नाही तर उष्णतामानही वाढत नाही. जास्तीचा गॅस नुसती वाफ दवडतो.” त्या रात्रीपासून ते तक्ते तिला आपले वाटू लागले. पुढच्या परीक्षेत तो विषय सुटला आणि आमच्या घरी गॅसही कमी लागू लागला!

पुढे यंत्रांच्या गतीचा विषय आला, तेव्हा आमचे पायाचे शिलाई मशीन कामी आले. पायटा नुसता वरखाली होतो आणि चाक गोल फिरते. कधी पायटा अशा जागी थांबतो की, हाताने चाकाला ढकलल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही. त्या जागेला पुस्तकात डेड सेंटर म्हणतात. जागा मला ठाऊक होती, नाव तिने सांगितले.

आता थोडे व्यवहाराचे. या शिक्षणाला दोन वाटा आहेत. एक म्हणजे बारावी विज्ञान व सी. ई. टी., दुसरी म्हणजे दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा व मग थेट पदवीचे दुसरे वर्ष. जुलै २०२४ मध्ये राज्य सरकारने, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या घरांतील आर्थिक दुर्बल, मराठा व इतर मागास वर्गांतील मुलींना सरकारी प्रवेशफेरीतून प्रवेश घेतल्यास शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. तेव्हा उत्पन्नाचा व जातीचा दाखला निकालाची वाट न पाहता आधीच काढून ठेवा.

माझ्या मुलीची पदवी अजून हाती यायची आहे, म्हणून पेढ्यांची घाई नको. पण भगिनींनो, आपण कमी शिकलो म्हणून मुलीच्या अभ्यासापासून दूर बसू नका. जवळ बसा आणि “असे का?” म्हणून विचारा. त्याला सातवीसुद्धा पुरते.