टीव्ही किती ठिपक्यांचा घ्यायचा?

आज जरा वेगळा विषय घेऊन बसले आहे. हसू नका.

आमचा पाडा मोखाड्याच्या अंगाला आहे. गेल्या महिन्यात बचत गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, वहीत सह्या झाल्या आणि एका ताईने कर्जाची मागणी केली, ३०,००० रुपये. कशाला, तर टीव्हीला. थोरला मुलगा बोईसरला कंपनीत जातो. त्याने कुणाकडून तरी जुना प्लेस्टेशन ४ आणला आहे. तो टीव्हीला जोडून गेम खेळतात. आणि मुलाचं म्हणणं, टीव्ही ‘फोर के’च पाहिजे, ४३ इंची, नाहीतर मजा नाही.

बाया हसल्या. एक म्हणाली, खेळण्यासाठी कसलं कर्ज? मी गटाची सचिव. मी विचारलं, ताई, फोर के म्हणजे काय गं? तिला माहीत नाही. मला माहीत नाही. अध्यक्षबाईंनाही नाही. तीस हजारांवर सही करायची आणि कशावर करतोय ते कुणालाच ठाऊक नाही! म्हणून मागणी पुढच्या बैठकीवर ठेवली आणि मी माझ्या भाच्याला गाठलं. तो जव्हारला टीव्ही दुरुस्तीचं काम करतो. त्याने समजावलं ते तुम्हाला सांगते.

आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो ना, तसंच टीव्हीचं चित्र ठिपक्यांचं असतं. आडवे किती आणि उभे किती, एवढाच हिशेब. ‘एचडी रेडी’ टीव्हीत बहुधा आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके असतात. ‘फुल एचडी’त १९२० आणि १०८०, म्हणजे सगळे मिळून वीस लाखांवर. ‘फोर के’त ३८४० आणि २१६०, म्हणजे फुल एचडीच्या बरोबर चौपट.

चौपट म्हटलं की चौपट चांगलं वाटतं. पण चित्र पाठवणाऱ्यानं तेवढे ठिपके पाठवायला नकोत का? साधा प्लेस्टेशन ४ जास्तीत जास्त फुल एचडीचं चित्र देतो. त्याच्या पुढचं, फोर केचं चित्र २०१६ मध्ये आलेला प्लेस्टेशन ४ प्रो देतो, नाहीतर २०२० मध्ये निघालेला प्लेस्टेशन ५. ताईच्या घरात आहे तो साधा. म्हणजे मापटंभर नागली दळायला मोठी गिरण चालवायची, पीठ तेवढंच.

आणि आपण दिवसभर बघतो ते काय? डीडी फ्री डिश. महिन्याला पैसे नाहीत म्हणून आपल्याकडे घरोघरी तीच छत्री. तिच्यावरच्या बहुतेक वाहिन्या साध्या दर्जाच्या, आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपक्यांच्या. फोर के टीव्हीवर त्यातला एकेक ठिपका २० ठिपक्यांच्या जागेत पसरवावा लागतो. मोठ्या टीव्हीवर मालिका फिसकटल्यासारखी दिसते ती यामुळे. टीव्ही बिघडलेला नसतो.

आता अंतराचं बघा, मला हे सगळ्यात पटलं. लग्नात भिंतीवर चौक काढतात. जवळ गेलं की तांदळाच्या पिठाची एकेक रेघ दिसते. अंगणातून बघितलं की नुसता चौक दिसतो, रेघा मोजता येत नाहीत. टीव्हीचं तसंच. ४३ इंची फुल एचडी टीव्ही साडेपाच-सहा फुटांच्या मागून बघितला, तर चांगल्या नजरेच्या माणसालाही ठिपके वेगळे दिसत नाहीत. फोर केचे बारीक ठिपके कळायचे तर तीन-साडेतीन फुटांवर बसायला हवं. मी ताईच्या घरी सुतळी घेऊन गेले. भिंतीपासून मुलं बसतात तिथपर्यंत ८ फूट भरलं. त्या अंतरावर फोर केचे जादा पैसे कुणाच्याच डोळ्याला दिसणार नव्हते.

मग एचडी रेडी का नको? बातम्या-मालिकांना चालेल, ३२ इंचीत तर चालेलच. पण गेममध्ये बारीक अक्षरं असतात, कोपऱ्यात नकाशा असतो. फुल एचडीचं चित्र कमी ठिपक्यांत कोंबलं की ती अक्षरं पुसट होतात. म्हणून या घराला फुल एचडी.

खोक्यावर मोठ्या अक्षरात काय छापलंय ते वाचू नका. ‘फुल एचडी सपोर्ट’, ‘फोर के सपोर्ट’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ तसं चित्र आत घेतो एवढाच, पडद्याचे ठिपके कमी असू शकतात. बारीक अक्षरात ‘रिझोल्यूशन’ अशी ओळ असते, तिथे १९२० आणि १०८० हे आकडे आहेत का, ते पोरीकडून वाचून घ्या. मी स्वतः फसलेय म्हणून सांगते. दोन वर्षांमागे जत्रेतून धाकट्यासाठी गेमची एक कांडी आणली, वर ‘फोर के’ छापलेलं. आतले गेम निघाले माझ्या माहेरी भाऊ कॅसेट घालून खेळायचा तेच! त्या जुन्या गेमचं चित्रच २५६ बाय २४० ठिपक्यांचं. फोर के पडद्यावर त्यांचा एक ठिपका १३५ ठिकाणी पसरतो. पोरगं दोन दिवस खेळलं.

ताईच्या मुलाशीही बोलले. त्याची खरी तक्रार निराळीच निघाली. चुलत्याच्या टीव्हीवर बटण दाबलं की गेममधला माणूस उशिरा उडी मारतो, म्हणून त्याला वाटलं टीव्ही हलका आहे. भाच्याने फोनवर सांगितलं, सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ चालू कर. टीव्ही चित्र सजवण्यात वेळ घालवतो, त्या मोडमध्ये ते थांबतं. चालू केलं. माणूस वेळेवर उडी मारायला लागला. फुकटात.

३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झालाय. कुणी त्याआधीचा भाव सांगत असेल तर तेही विचारा. विजेची बचत दाखवणारे तारे बघा. आणि वळवाच्या विजा सुरू झाल्या की टीव्हीची पिन आणि छत्रीची वायर दोन्ही काढून ठेवा. आपल्या डोंगरात हे विसरून चालत नाही.

पुढच्या बैठकीत ताईने मागणी बदलली, १८,००० केली. बारा हजार कमी. आमच्या गटाचं व्याज शेकडा दोन रुपये. बारा हप्त्यांत मुद्दल फिटत गेलं तरी त्या बारा हजारांवर वर्षाला १,५६० रुपये व्याज गेलं असतं. मंजूर करताना बायांनी एक अट घातली, हप्ता मुलाने भरायचा. तो तयार झाला. ताईने तिची एक अट घातली, संध्याकाळी एक तास रिमोट धाकट्या पोरीकडे.

दुकानात ताई मापाची टेप आणि प्लेस्टेशन दोन्ही घेऊन गेली होती. दुकानदार फुलांची व्हिडिओ लावून दाखवत होता. ती म्हणाली, भाऊ, ते राहू दे, हे जोडून दाखव. मग आठ फूट मोजून उभी राहिली आणि पोरीला म्हणाली, वाच बघू कोपऱ्यातलं.