अडकलेला पंखा

उंब्रज हें गांव सातारा जिल्ह्यांत, कृष्णा आणि तारळी ह्या नद्यांच्या संगमाजवळ, पुणें-बेंगळूर हमरस्त्यालगत वसलेलें आहे. दोन्ही नद्यांच्या कांठीं ऊस उभा असतो आणि त्यासाठीं कृष्णेवर पंप चालतात. पंपाचा पंखा शाफ्टवर गंजून घट्ट बसला म्हणजे काय कष्ट पडतात, हें ह्या पट्ट्यांतील शेतकऱ्यास किंवा मिस्त्र्यास सांगावें लागत नाहीं. येथून पश्चिमेकडे पाटणच्या अंगास गेलें म्हणजे कोयनेचें खोरें लागतें. कोयनेच्या धरणामागें पसरलेल्या शिवसागरावर, बामणोली आणि तापोळें येथें, सहलीच्या मोटरहोड्या असतात. वासोट्यास जाणारे लोक बामणोलीहून ह्याच होड्यांतून पाणी ओलांडतात. ह्या होडीचा पंखा हा पंपाच्या पंख्याचा भाऊबंदच होय. एक जागेवर बसून पाणी लोटतो, दुसरा पाणी मागें लोटून होडीस पुढें नेतो. दोघांस जडणारी व्याधि मात्र एकच.

होडीचा पंखा प्रचारांत आणणाऱ्यांपैकीं एक जण शेतकरीच होता, ही गोष्ट उंब्रजकरांस आवडण्यासारखी आहे. फ्रान्सिस पेटिट स्मिथ ह्या इंग्रज गृहस्थानें १८३६ सालीं अशा पंख्याची सनद घेतली. त्याचा पहिला पंखा लांकडी, लांब मळसूत्रासारखा होता. पुढील वर्षीं कालव्यांत चाचणी चालली असतां तो अर्धा तुटला, आणि होडी थांबण्याऐवजीं अधिकच वेगानें धांवूं लागली! १८४५ सालीं ब्रिटिश आरमारानें पंख्याची ‘रॅटलर’ आणि वल्हेचाकांची ‘अलेक्टो’ ह्या बोटी पाठीला पाठ लावून एकमेकींस बांधल्या. ‘रॅटलर’नें दुसरीस उलट ओढून नेलें.

असा हा गुणी पंखा जागेवर अडकतो कशामुळें? आजच्या लहान होडीच्या मागें टांगलेल्या इंजिनाचा पंखा बहुधा ॲल्युमिनियमचा असतो आणि त्याचा शाफ्ट न गंजणाऱ्या पोलादाचा. दोन भिन्न धातु ओलाव्यांत एकमेकांस टेकून राहिले म्हणजे विजेच्या घटासारखी क्रिया सुरू होते आणि त्यांतला अधिक क्रियाशील धातु झिजतो. झिजलेल्या ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी मूळ धातूहून अधिक जागा व्यापते, आणि शाफ्टच्या खांचांत पाचर मारल्याप्रमाणें बसते. समुद्रांत हें लवकर घडतें. गोड्या पाण्यांत सावकाश घडतें, पण घडतेंच. शिवसागरावर फिरणाऱ्या होडीचा मालक ‘आपलें पाणी गोडें आहे’ म्हणून पांच-पांच वर्षें पंखा उतरवीत नाहीं, आणि मग एके दिवशीं एखाद्या बुडीत खडकावर पातें वांकलें म्हणजे त्याला त्या विलंबाचें मोल कळतें.

पंखा उतरवितांना पहिलें काम पान्याचें नव्हे. इंजिन बंद करून चावी काढावी आणि स्पार्क प्लगची तार सोडवावी. इंजिन गिअरमध्यें असतां हातानें पंखा फिरविला तर लहान इंजिन क्वचित् चालूं होतें, आणि त्या क्षणीं बोटें पात्याजवळ असतात. ह्या एका सूचनेकडे दुर्लक्ष करणाऱ्यास बाकीची सर्व विद्या निरुपयोगी आहे. मग नटांतून आरपार गेलेल्या पिनेचीं टोकें सरळ करून ती ओढावी. पातें आणि त्यावरील आडवी पट्टी ह्यांमध्यें लांकडी ठोकळा धरला म्हणजे पंखा फिरत नाहीं, आणि नट सुटतो. नट, वॉशर आणि कडीं ज्या क्रमानें निघतील त्याच क्रमानें फडक्यावर मांडावीं.

येथवर सारें सोपें. आतां पंखा ओढला आणि हालला नाहीं, कीं माणसाचा हात आपोआप हातोड्याकडे जातो. हातोडा शाफ्टच्या टोकावर बसला म्हणजे आटे चेपतात, आणि तो धक्का सरळ आंतल्या बेअरिंगांस आणि गिअरच्या दांत्यांस पोंचतो. पंख्याची किंमत वांचवितां वांचवितां त्याच्या कितीतरी पट किंमतीचा गिअर जातो. हातोडा पात्यावर मारणेंहि तितकेंच वाईट. किंचित् वांकलेलें पातें पुढें सारी होडी थरथरवीत राहतें.

त्याऐवजीं गंजांत शिरणारें पातळ तेल शाफ्टच्या दोन्ही बाजूंनीं सोडावें आणि रात्रभर वाट पहावी. सकाळीं पुन्हां तेल, पुन्हां थांबणें. उंब्रजच्या बाजूचे पंपवाले हें धैर्य जाणतात. त्यानंतर किटलीभर उकळतें पाणी पंख्याच्या मध्यभागीं ओतावें. ॲल्युमिनियम पोलादाहून अधिक प्रसरण पावतें, म्हणून भोंक क्षणभर सैल होतें, आणि तेवढ्यांत पंखा दोन्ही हातांनीं धरून हिसडावा. ज्योत लावण्याचा मोह टाळावा. पेट्रोलची टाकी जवळ असते, आणि पुष्कळ पंख्यांच्या आंत रबरी बुश असतो, तो जळून धुराखेरीज कांहीं उरत नाहीं. एवढ्यानें भागलें नाहीं तर पुलर लावावा. पण त्याचे पंजे पात्यांच्या टोकांवर न धरतां मध्यभागाच्या मागें धरावे.

मोठ्या होडींत इंजिन आंत असतें आणि शाफ्ट टोकाकडे निमुळता असतो. तेथें नट पूर्ण काढूं नये. दोनचार आटे लागलेला ठेवावा. पुलर घट्ट करून त्याच्या मधल्या स्क्रूवर हलकी टपली मारतांच पंखा बंदुकीसारखा आवाज करून सुटतो. नट नसेल तर तो उडून कोणाच्या पायावर पडेल हें सांगतां येत नाहीं.

पंखा निघाल्यावर शाफ्टच्या मुळाशीं अवश्य पहावें. मासेमारीची नायलॉनची दोरी तेथें गुंडाळलेली पुष्कळदां सांपडते. ती केंसासारखी बारीक असली तरी फिरतां फिरतां तेलाच्या सीलांत शिरते आणि तें कापते. मग गिअरच्या तेलांत पाणी जातें व तेल दुधासारखें पांढरें होतें. कित्येक जुन्या लहान इंजिनांत पंखा एका मऊ धातूच्या पिनेवर फिरतो. दगड लागला म्हणजे पिन तुटावी आणि गिअर वांचावा, अशीच योजना असते. तुटलेल्या पिनेच्या जागीं चांगला पोलादी खिळा ठोकणारा गृहस्थ स्वतःस फार हुशार समजतो. पुढच्या दगडास तो गिअर देऊन बसतो.

हें सारें केवळ हौसेचें नाहीं. २००५, २०१९ आणि २०२१ ह्या सालीं कृष्णेस महापूर आला, आणि इंजिनाच्या होड्यांवर माणसांचे जीव अवलंबून राहिले. पुराच्या पाण्यांत उसाचीं पाचटें, वेली, तारा, सर्व कांहीं वाहत येतें आणि पंख्याभोंवतीं गुंततें. अशा वेळीं पंखा पांच मिनिटांत उतरला पाहिजे. तेथें रात्रभर तेल मुरविण्यास कोणी थांबणार नाहीं. म्हणून पावसाळ्यापूर्वीं एकदां पंखा उतरवून शाफ्ट स्वच्छ पुसावा, खांचांत पाण्यानें न धुपणारें ग्रीस भरावें, आणि पंखा पुन्हां चढवावा. कडीं उलट क्रमानें बसवावीं, नट आवळावा, पिन मात्र नवी घालावी. नंतर एकदोन फेऱ्या झाल्या म्हणजे नट पुन्हां पान्यानें पहावा आणि गिअरच्या तेलाचे चार थेंब कागदावर घेऊन त्यांचा रंग पहावा.