पौषाचे चित्र आणि कपावरची अंगीठी

(अकादमीच्या वार्षिक सभेत वाचलेल्या व्याख्यानाची संपादित संहिता)



या व्याख्यानासाठी मला पत्र आले तेव्हा विषय सुचवला होता तो 'ऋतुवर्णनाची परंपरा' असा. माझा प्रबंध त्याच प्रांतातला. जुन्या वह्या काढल्या असत्या तर दोन संध्याकाळींत भाषण तयार झाले असते, आणि तुम्हीही ते सवयीने ऐकून घेतले असते. पण खरे सांगायचे तर गेली बारा-तेरा वर्षे हिवाळा म्हटला की मला 'ऋतुसंहारा'तला हेमंत आधी आठवत नाही. वडोदऱ्याच्या मांडवीजवळच्या एका गल्लीतली पहिल्या मजल्यावरची खोली आठवते. म्हणून विषय तोच ठेवून मी वाट थोडी बदलली आहे. अध्यक्षांनी परवानगी दिली, त्यांचे आभार.

त्या खोलीत एक चित्रकार बसतात. मी त्यांना काका म्हणते, ते मला बेन म्हणतात. त्यांचे आजोबा नाथद्वाऱ्याहून इथल्या एका हवेलीच्या कामासाठी आले आणि इथलेच झाले. काकांची बोली गुजराती, मेवाडी आणि शेजारच्या मराठी वाड्यांतून कानावर पडलेले मराठी यांची खिचडी आहे. माझी आई गेली त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्याकडे आली होती, तेव्हा तिच्याशी ते तासभर मराठीतच बोलले. नाव मात्र मी इथे घेत नाही. 'छापायचेच असेल तर चित्राखाली छापा, भाषणात नको,' असे त्यांनी बजावले आहे. त्या वाक्याला मागची एक गोष्ट आहे. ती पुढे येईल, आणि तिच्यात माझी बाजू फारशी चांगली नाही.

श्रीनाथजींचे स्वरूप 1672 मध्ये मेवाडात स्थापन झाले आणि त्याभोवती नाथद्वारा हे गाव व चित्रकारांचे मोहल्ले वाढले. मूर्तीच्या मागे टांगायच्या चित्रित पडद्याला पिछवाई म्हणतात, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल. पिछवाई ऋतूप्रमाणे बदलते. उन्हाळ्यात कमळांनी भरलेले सुती कापड, पावसाळ्यात मोर आणि ढग, थंडीत जड, किनखापी कापड. कारण तिथे देवाला ऊन लागते, भूक लागते आणि थंडीही वाजते. शीतकाळात कापूस भरलेली वस्त्रे येतात, पुढ्यात अंगीठी ठेवली जाते. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. पंढरीच्या विठोबालाही थंडीत शाल आणि कानपट्टी असतेच.

काका पिछवाया करतात, पण त्यांचे आवडते काम लहान आकाराचे. वसलीवर, म्हणजे एकावर एक चिकटवून घोटलेल्या कागदावर, ते मार्गशीर्षापासून वसंत पंचमीपर्यंतच्या दिवसांची चित्रमाला करतात. दरवर्षी सहा चित्रे. मी त्यांना पहिल्यांदा विचारले होते की हिवाळाच का? ते म्हणाले, 'पाऊस कोणीपण काढेल.'

यावर मी बरेच दिवस विचार केला. पाऊस चित्रकाराला सगळे हाती देतो: काळा ढग, विजेची सोनेरी रेघ, बगळ्यांची माळ. उन्हाळ्यालाही निदान पंखा आणि वाळ्याचा पडदा आहे. थंडीला रंगच नाही. जुन्या लघुचित्रांत धुके काढायची रीत फारशी नाही. मग थंडी दाखवायची कशी? माणसे काय करतात त्यावरून. कोणी डोक्यावरून पांघरूण घेतले आहे, कोणी हात काखेत दाबले आहेत, वासरू गाईच्या पोटाला बिलगले आहे, धूर वर न जाता जमिनीलगत पसरला आहे. वर्गात आम्ही शिकवतो की ऋतू हा उद्दीपन विभाव. काकांच्या खोलीत मला कळले की थंडी तरी चित्रात अनुभावांतूनच दिसते. प्रबंधात हे एक वाक्य असते तर परीक्षकांनी माझ्याशी जरा बरे वागले असते.

केशवदासांच्या 'कविप्रिये'तला (1601) बारामासा बुंदी आणि इतर कलमांच्या चित्रकारांनी पुन्हा पुन्हा रंगवला. त्यात नायिका प्रत्येक महिन्याचे कारण पुढे करून प्रियकराला प्रवासाला जाऊ देत नाही. पौषात ती काय सांगते? की आता थंड असे काहीच कोणाला आवडत नाही. तेल, कापूस, विडा, विस्तव आणि ऊन एवढेच गोड लागते. ही यादी जवळजवळ किराणा मालाची आहे, आणि चित्रकार ती तशीच रंगवतो: गच्चीवर ऊन खात बसलेले लोक, तेल चोळणारी दासी, शेगडी. मराठीत दुर्गाबाईंच्या 'ऋतुचक्रा'ने (1956) आपल्याला महिन्यांकडे असे पाहायला शिकवले, पण त्यांची नजर झाडापानांकडे अधिक. इथे सगळा महिना माणसाच्या अंगावर आहे.

आता ती गोष्ट.

आमच्या महाविद्यालयाची एक स्मरणिका निघायची होती आणि मुखपृष्ठाची जबाबदारी माझ्याकडे आली. काकांचे पौषाचे चित्र मी मोबाइलवर टिपून आणले होते. मध्यभागी ठाकुरजी, रुईभरल्या गुलाबी वस्त्रांत. दोन्ही बाजूंना गाई. खाली डाव्या कोपऱ्यात चांदीची अंगीठी आणि तिच्यातले निखारे. मी ते छापखान्याला पाठवून दिले. विचारले नाही. कोणाचे, हेही आत कुठे छापले नाही. वाटले, त्यांचे चित्र इतक्या लोकांपर्यंत जाते आहे, त्यांना आनंदच होईल. साहित्याच्या माणसाने असे म्हणावे! माझी कविता कोणी नावाशिवाय छापली असती तर मी वर्षभर पत्रे लिहिली असती.

दोन प्रती घेऊन मी मोठ्या उत्साहाने गेले. काकांनी चष्मा पुसला, अंक उजेडाकडे धरला, बराच वेळ पाहिले आणि विचारले, 'बेन, अंगीठी कुठे गेली?'

महाविद्यालयाचे नाव मोठ्या अक्षरांत बसावे म्हणून खालची पट्टी कापली होती. माझ्या ते लक्षातही आले नव्हते. नावाबद्दल ते त्या दिवशी काही बोलले नाहीत, पैशाबद्दल तर नाहीच. फक्त म्हणाले, 'ठाकुरजींना थंडी वाजत असेल.' त्यांनी अंक मिटून पोथ्यांच्या फळीवर ठेवला. नाव नसल्याचे त्यांच्या मुलाने मला जिन्यात ऐकवले, आणि त्याने ऐकवले ते रास्तच होते. आपल्या कायद्याप्रमाणे मूळ चित्र विकले तरी त्याच्या प्रती काढण्याचा हक्क सहसा चित्रकाराकडेच राहतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. माहीत करून घेण्याची गरजही वाटली नव्हती. पुढच्या अंकात दिलगिरी छापली. ती किती जणांनी वाचली असेल याची मला कल्पना आहे.

त्यानंतर दोनेक वर्षांनी मुलानेच छपाईचा विषय काढला. कारण साधे होते. एका चित्राला सहा आठवडे लागतात. काकांचा उजवा डोळा आधीसारखा चालत नाही. खारीच्या केसांच्या कुंचल्याने पापणी काढायची तर आता ती दुपारी अकरा ते दोनच्या उन्हातच निघते. खोलीचे भाडे काही ऊन पाहून येत नाही. मधल्या काळात एका व्यापाऱ्याने त्यांच्याच गाईंच्या छापील चादरी विकायला काढल्या होत्या, आणि त्या चांगल्या खपत होत्या. मुलगा म्हणाला, आपल्याच गाई आपण का विकू नयेत?

मी विरोध केला. विरोध करणारी मी कोण, हा प्रश्न तेव्हाही उचित ठरला असता. पण मी बडोदेकर आहे, आणि बडोद्याच्या माणसाने छापील चित्राला नाक मुरडणे म्हणजे स्वतःच्या देवघराला नाक मुरडणे. सर टी. माधवराव, आधी त्रावणकोरचे आणि नंतर बडोद्याचे दिवाण, यांनीच राजा रविवर्म्यांना पत्रातून सुचवले होते की दोन हातांनी एवढी मागणी पुरी व्हायची नाही, तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या ओलिओग्राफ प्रती काढून घ्या. सयाजीराव महाराजांसाठी पौराणिक चित्रमाला करणाऱ्या रविवर्म्यांनी पुढे 1894 मध्ये मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला, नंतर तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आमच्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी त्याच घराण्यातली; आजीने तिच्या साडीला खऱ्या टिकल्या चिकटवल्या होत्या. नाथद्वाऱ्याचे चित्रकारही मागे नव्हते. कराचीच्या ब्रिजवासी पेढीने जर्मनीत छापून आणलेल्या देवादिकांच्या चित्रांमागे नरोत्तम नारायण शर्मा यांच्यासारख्या नाथद्वाऱ्याच्या चित्रकारांचा हात होता, आणि ती चित्रे घरोघरी गेली.

काकांनी मला याहून जुना पुरावा दाखवला. पेटीतून आजोबांचे खाके काढले. खाका म्हणजे बाह्यरेषेवर सुईने बारीक छिद्रे पाडलेला कागद. तो कोऱ्या कापडावर ठेवून वरून कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटली की खाली ठिपक्यांचे चित्र उतरते. त्यातला एक खाका इतका वापरलेला होता की गाईच्या शिंगांची भोके एकमेकांत मिसळून गेली होती. 'हे पण छापणेच ना, बेन?' मी गप्प बसले.

तरी छपाई सोपी गेली नाही. पहिल्या चाचणीत सोन्याचा वर्ख तपकिरी चिखलासारखा आला, कारण सोने उजेड परतवते आणि यंत्राला ते काळवंडलेले दिसते. हिंगुळाचा लाल विटकरी झाला. काकांनी हार मानली नाही. छपाईसाठी वेगळे चित्र केले, सोन्याच्या जागी पेवडीचा पिवळा घेऊन. मग आला कप. कपासाठी खास कागदावर चित्र उलटे छापतात आणि उष्णतेने ते कपाच्या लेपावर उतरवतात. थंडीचे चित्र भट्टीतून जाते, याची त्यांना मोठी गंमत वाटली. पण कप हातात आला तेव्हा अंगीठी नेमकी कानामागे गेली होती. मी काही बोलण्याआधीच मुलगा हसायला लागला. काकांनी कपाभोवती कागदाची पट्टी गुंडाळली, कानाची जागा पेन्सिलने आखली आणि महिनाभर खपून गाईंची नवी रांग काढली. अंगीठी आता पिणाऱ्याच्या समोर येते. चौकटीतले चित्र लहान करून वस्तूवर चिकटवणे वेगळे आणि वस्तूसाठी नवे चित्र रचणे वेगळे, हा भेद आमच्या समीक्षेत अजून नीटसा आलेला नाही.

कपावर ठाकुरजी नाहीत, हेही सांगायला हवे. कप उष्टा होतो, उशीच्या अभ्र्यावर डोके टेकते, पिशवी जमिनीवर ठेवली जाते. म्हणून स्वरूप फक्त कागदावर, भिंतीवर लावायच्या प्रतीत. कपावर गाई आणि अंगीठी, अभ्र्यावर कमळे, शालीच्या काठाला मोर. पायपुसण्याची मागणी आली होती; काकांनी उत्तरच पाठवले नाही. ही वाटणी त्यांना कोणी शिकवली नव्हती, आणि व्यापाऱ्याच्या चादरींत ती नव्हती.

वडोदऱ्यात विक्रीचा हंगामही थंडीचाच. डिसेंबर-जानेवारीत परदेशी गेलेली मंडळी लग्नांना आणि उत्तरायणाला येतात, उंधियू आणि पोंक खातात, जाताना काही हलके, न फुटणारे घेऊन जातात. त्यांतल्या एका बाईंनी फार प्रेमाने विचारले, हिवाळा आहे तर थोडा बर्फ दाखवाल का, तिकडे भेट द्यायला बरे पडेल. मला वाटले काका चिडतील. त्यांनी विचारले, 'तिकडे गाई कुठे बांधतात?' बाईंना सांगता आले नाही. 'मग मला बर्फ काढता नाही येणार,' असे म्हणून त्यांनी बाईंना चहा दिला. त्याच कपात. बाईंनी चार कप घेतले.

यातून घर चालते का? चालते, पण मूळ चित्रे आता वर्षाला दोनच होतात आणि त्यांतले एक विकत नाहीत. मुलाचा हात खुलाईच्या, म्हणजे शेवटच्या बारीक रेघेच्या, कामाला अजून तयार नाही. त्याचा दिवस संगणकावर जातो. प्रती विकून मिळालेल्या वेळात मूळ काम वाढेल अशी आमची कल्पना होती, तसे झालेले नाही. हे मी इथे लपवत नाही, कारण 'परंपरा आणि बाजार यांचा सुरेख संगम' असे काहीतरी मी म्हणेन अशी अपेक्षा काही चेहऱ्यांवर मला दिसते आहे.

गेल्या वर्षी त्यांनी सहा पानांचे हिवाळी कॅलेंडर करायचे ठरवले आणि मराठी मजकुरासाठी मला बोलावले. तिथे नवीच पंचाईत झाली. आपले आणि गुजरातचे महिने अमान्त, नाथद्वाऱ्याच्या सेवेतले पौर्णिमान्त. गुसांईजींचा, म्हणजे विठ्ठलनाथजींचा, उत्सव त्यांच्या हिशेबाने पौष वद्य नवमीला, आपल्या हिशेबाने तो दिवस मार्गशीर्ष वद्य नवमीचा. चित्र एकच, दिवस एकच, आणि खाली महिना कोणता छापायचा? मुलगा म्हणाला, एकच टाकू, गोंधळ नको. काका म्हणाले, गोंधळ तर आहेच, दोन्ही टाक. दोन्ही टाकले. जागा पुरेना म्हणून इंग्रजी तारखा लहान कराव्या लागल्या, त्याबद्दल तक्रारीही आल्या.

प्रूफ आले तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी ते पान खिडकीशी नेले, डावा डोळा जवळ आणला आणि अंगठ्याने खालच्या कोपऱ्यातले निखारे मोजले. मूळ चित्रात सात होते, प्रुफात सहाच दिसत होते. छापखान्याला पान परत गेले.

त्या कॅलेंडरच्या वीस प्रती मी सोबत आणल्या आहेत, मागच्या टेबलावर आहेत. किंमत त्यांनी ठरवली आहे, पैसे त्यांनाच जातील. चित्रकाराचे नाव पहिल्या पानावर, चित्राखाली आहे.