जखमेचा फोटो, जखमेचे माप



महिनोन्‌महिने न भरणाऱ्या जखमेबद्दल केसपेपरवर पुष्कळदा एवढेच लिहिलेले असते : ‘ड्रेसिंग केले, जखम बरी आहे.’ कधीपेक्षा बरी? सोमवारी एका सिस्टरने पट्टी बदललेली असते, गुरुवारी दुसरीच कोणी ती सोडते. जखम वाढली की आटली, हे तिने कशावरून ठरवायचे?

आयसीएमआरच्या २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी मधुमेही आहेत. त्यांतल्या अनेकांच्या पायांची संवेदना हळूहळू जाते आणि चप्पल घासून फोड आला तरी कळत नाही. हा धागा पहिल्यांदा पकडला गेला तो कुष्ठरोगात. १९४६मध्ये वेल्लोरला आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की कुष्ठरुग्णाची बोटे आपोआप झडत नाहीत. दुखणेच जाणवत नसल्याने पुन्हा पुन्हा होणाऱ्या इजांनी ती जातात. पुढे अमेरिकेत कारव्हिलला त्यांनी हाच विचार मधुमेहींच्या पायांना लावला. दोन्ही पायांच्या एकाच जागी तापमानात २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त फरक दिसला, तर तो आता धोक्याचा इशारा मानतात. त्वचा फाटण्याआधी आतला दाह ओळखायला थर्मल कॅमेरा उपयोगी पडतो तो इथे.

जखम झाल्यावर मात्र सगळा भर मापावर असतो. मधुमेही पायाच्या जखमांवरील २००३च्या एका अमेरिकी अभ्यासात चार आठवड्यांत ज्यांच्या जखमेचे क्षेत्रफळ ५३ टक्क्यांहून अधिक घटले, त्यांतल्या ५८ टक्के जणांची जखम बाराव्या आठवड्यापर्यंत भरली. इतरांत हे प्रमाण अवघे ९ टक्के होते. म्हणजे महिनाभरातच उपचार बदलायचा की नाही, याचा अंदाज येतो. पण माप खरे असेल तर. मोजपट्टीने लांबी गुणिले रुंदी केली, की ४ बाय ३ सेंटीमीटरची लंबगोल जखम १२ चौरस सेंटीमीटर भरते. प्रत्यक्षात ती साडेनऊचीही नसते. छायाचित्रावर जखमेची कड आखून काढलेले क्षेत्रफळ ही चूक टाळते.

जखमेतले जंतू ओळखण्यासाठी वेगळा प्रकाश लागतो. अंधाऱ्या खोलीत ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश टाकला, की अनेक जंतूंतली पॉर्फिरिन द्रव्ये लाल चमकतात. स्यूडोमोनस निळसर-हिरवा दिसतो. जखम कुठे खरवडायची, स्वॅब नेमका कुठून घ्यायचा, हे त्यामुळे सापडते. पण स्ट्रेप्टोकॉकस या प्रकाशात लाल होत नाही आणि खोलवरचे जंतू दिसत नाहीत. लाल डाग नाही म्हणून जंतुसंसर्ग नाही, असे कोणी समजू नये.

आणखी एक काळजी जुनाट जखमांच्या छायाचित्रणावरील या परिषदेच्या स्वागत समितीला आग्रहाने मांडावीशी वाटते. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर जखमेभोवतीची लाली डोळ्यांनाही सहज दिसत नाही. जखमेचे फोटो वाचणारी, पण गोऱ्या त्वचेच्या फोटोंवर शिकलेली संगणकप्रणाली आपल्याकडच्या पायांवर तपासून पाहिल्याशिवाय वॉर्डात आणणे धोक्याचे आहे.

महागडी उपकरणे नसली तरी पुष्कळ काही करता येते. जखम आधी धुवावी. कॅमेरा सरळ समोर, दर वेळी तितक्याच अंतरावर धरावा. शेजारी तारीख लिहिलेली मोजपट्टी आणि रंगांचे कार्ड ठेवावे. ओल्या जखमेवर फ्लॅश टाळावा. एक फोटो जवळून, एक लांबून घ्यावा. लांबच्या फोटोत पाय कोणता, जागा कोणती हे कळले पाहिजे. मृत पेशी काढायच्या असतील तर त्याआधी एक फोटो, नंतर एक. त्यासाठी लागतात फक्त पाच मिनिटे, आणि ती ड्यूटीच्या वेळापत्रकात धरलेली असली पाहिजेत; नाहीतर हे काम आधीच दमलेल्या सिस्टरच्या माथी पडते.

हे फोटो बहुधा कोणाच्या तरी खाजगी मोबाइलमध्ये राहतात आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत फिरतात. डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा २०२३मध्येच संमत झाला आहे. फोटो कशासाठी काढतोय, कोण पाहणार आणि तो कुठे राहणार, हे रुग्णाला त्याच्या बोलीत सांगून मगच संमती घ्यावी. म्हणून समितीने परिषदेतली पहिली कार्यशाळा यंत्रांवर न ठेवता संमती आणि मोजणीवर ठेवली आहे. ड्रेसिंगच्या खोलीत रोज काम करणाऱ्यांनी तिथे आधी बोलावे, अशी समितीची सर्वांना विनंती आहे.