जुन्या डिझेल गाडीची गळती : निदान आणि उपाय

(राजूर येथे ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



श्रीराजुरेश्वराच्या सान्निध्यात भरलेल्या ह्या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आज्ञा चालकांनी आम्हांस केली, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत. गणपतीच्या साडेतीन पीठांत गणना होणाऱ्या ह्या क्षेत्री धर्मविषयक प्रवचने करणारे अधिकारी पुरुष पुष्कळ आहेत. आम्ही आपल्या धंद्यातला विषय घेतला आहे. लोखंड, लाकूड, तांबे, पाषाण आणि सोने ह्या पाच कर्मांवर पांचाळ ज्ञातीचे पोट पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. भाता आणि ऐरण यांची जागा आता पुष्कळ घरी गॅरेजने घेतली आहे. पुष्कळ कुटुंबांचा निर्वाह एखाद्या जुन्या डिझेल गाडीवर होतो. तेव्हा अशा गाडीच्या इंधनाची गळती कशी ओळखावी व कशी बंद करावी, हा विषय आपणां सर्वांच्या उपयोगाचा वाटतो.

आकुर्डीच्या बजाज टेंपो कारखान्यातून निघालेली मॅटाडोर आपणांपैकी बहुतेकांनी पाहिली आहे. नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली स्थापन केलेल्या ह्या कंपनीचे नाव २००५ साली फोर्स मोटर्स झाले. मॅटाडोर निघणे बंद होऊनही बरीच वर्षे लोटली. तथापि खेड्यांत कोणत्याही लहान मालगाडीस लोक अजून मॅटाडोरच म्हणतात. अशा जुन्या गाड्या चालवणारा मनुष्य श्रीमंत नसतो. गाडी एक दिवस उभी राहिली तर त्या दिवसाची कमाई गेली. आणि मिस्तरीने दोष न ओळखता पंप खोलावयास लावला, तर महिन्याची गेली. म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, दुरुस्तीपेक्षा निदान महत्त्वाचे आहे. वैद्य नाडी पाहिल्यावाचून मात्रा देत नाही; मिस्तरीनेही तसेच वागावे.

गळतीला क्षुल्लक मानू नये. सेकंदाला एक थेंब पडत असेल आणि तीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर अहोरात्रात जवळजवळ तीन लिटर डिझेल मातीत जाते. पैशाची हानी तर आहेच. दुसरा धोका आगीचा. डिझेल पेट्रोलासारखे चटकन पेट घेत नाही हे खरे, परंतु तेच डिझेल बारीक तुषारांच्या रूपाने तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपावर पडू लागले म्हणजे पेटावयास वेळ लागत नाही. तिसरा धोका रस्त्याचा. अंगारकीला जालन्याहून पायी येणाऱ्या भक्तांनी आणि दुचाकींनी राजूरचा रस्ता भरून जातो. अशा रस्त्यावर सांडलेले डिझेल पुढच्या वळणावर कोणाच्या मुलाची दुचाकी घसरवील, हे सांगता येत नाही.

आता इंधनाचा मार्ग ध्यानात घेऊ. टाकीतून नळीने डिझेल फीड पंपाकडे ओढले जाते. फीड पंप ते फिल्टरमध्ये ढकलतो. तेथून ते मुख्य पंपात, म्हणजे इंजेक्शन पंपात जाते. हा पंप जाड पोलादी नळ्यांतून ते नोझलांकडे मोठ्या दाबाने पाठवतो. नोझलांतून उरलेले थोडे डिझेल परतीच्या नळीने माघारी येते. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या गाड्यांवर हा पंप मायको छापाचा असतो. ही मायको कंपनी १९५१ साली निघाली, आणि नाशिकच्या तिच्या कारखान्यातली नोझले महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचली.

ह्या मार्गाचे तीन भाग पडतात, आणि प्रत्येक भागाची गळती वेगळी बोलते. टाकीपासून फीड पंपापर्यंतचा भाग ओढीचा. इंजिन चालू असता तेथे छिद्र पडले तर डिझेल बाहेर न येता हवा आत शिरते. खाली थेंबही दिसत नाही. पण सकाळी गाडी लवकर धरत नाही, सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते, आणि मध्येच इंजिन दम टाकते. ज्यांच्या घरी विहिरीवर किर्लोस्करचे डिझेल इंजिन होते त्या वडीलधाऱ्यांना हे चांगले ठाऊक आहे. इंजिनाने ‘एअर धरली’ असे ते म्हणत. दुसरा भाग फीड पंपापासून मुख्य पंपापर्यंतचा. येथे दाब थोडा असतो, म्हणून गळती थेंबाथेंबाने उघड दिसते. तिसरा भाग मुख्य पंपापासून नोझलांपर्यंतचा. येथला दाब वातावरणाच्या दाबाच्या शंभरपटीहून अधिक असतो. गळती धुक्यासारखी किंवा सुईसारख्या धारेची असते, आणि त्या नोझलाचा सिलिंडर नीट पेटत नाही. परतीच्या नळीचा दोष मात्र सौम्य : इंजिनाचा माथा ओला राहतो आणि गाडीत वास येतो.

निदानाचा क्रम असा ठेवावा. प्रथम पडणारे द्रव डिझेलच आहे की इंजिन ऑइल किंवा ब्रेक ऑइल, हे वासावरून व चिकटपणावरून ठरवावे. नंतर गार इंजिन साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडे करावे. वर्षानुवर्षांची चिकट माती तशीच ठेवून गळती शोधू जाणे म्हणजे चिखलात सुई शोधणे होय. कोरड्या सांध्यांवर खडूची बारीक पूड फुंकावी, रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरावा. सकाळी पुठ्ठ्यावरचा डाग पाहावा. परंतु डागाच्या सरळ वरच दोष आहे, असे समजू नये. द्रव नळीच्या अंगाने वाहत येऊन सर्वांत खालच्या टोकाशी थेंब धरते. म्हणून ओलाव्याचा माग घेत वर जावे. खडूची पूड जेथे सर्वांत वर ओली झाली असेल, तेथे दोष शोधावा.

खाली डाग नसेल आणि तरीही गाडी सकाळी त्रास देत असेल, तर ओढीच्या भागाचा संशय घ्यावा. अशाच एका ज्ञातिबंधूंच्या मॅटाडोरला पंप गेला असे कोणी सांगितले होते. आम्ही फीड पंपाच्या अलीकडे हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडली. इंजिन चालू करताच तीतून बुडबुड्यांची माळ जाताना दिसली. मग उंचावर ठेवलेल्या डब्यातून डिझेल थेट फीड पंपास दिले, तेव्हा बुडबुडे थांबले आणि इंजिन सुरळीत चालले. यावरून पंप निर्दोष ठरला. मागे जाऊन पाहता टाकीजवळच्या रबरी नळीला क्लिपखाली केसाएवढी चीर होती. नळीचा एक तुकडा आणि दोन क्लिपा, एवढ्यावर काम भागले. मालकाचा पंप खोलण्याचा खर्च वाचला. मिस्तरीची अब्रू अशा कामांनी वाढते.

दोष सापडल्यावर उपाय बहुधा सोपा असतो. रबरी नळी कडक झाली असेल तर डिझेलसाठी बनवलेलीच नळी घालावी. पाण्याची नळी डिझेलमध्ये फुगते. तारेने आवळण्याऐवजी योग्य मापाची क्लिप वापरावी. सांध्यांवरच्या तांब्याच्या वायसरांविषयी दोन शब्द अधिक बोलतो, कारण येथे आपल्या ज्ञातीची जुनी विद्या उपयोगी पडते. पोलाद लाल करून पाण्यात बुडवले तर कठीण होते, हे लोहाराच्या मुलास सांगावे लागत नाही. तांब्याचा धर्म उलट आहे. दाबल्याने व ठोकल्याने ते कठीण होते. मंद लाल होईपर्यंत तापवले की पुन्हा मऊ होते, मग पाण्यात बुडवा अथवा हवेत निवू द्या. आपले तांबटबंधू भांडे घडवताना वारंवार तापवत, त्याचे कारण हेच. एकदा आवळलेले वायसर कठीण होऊन सांध्यात नीट बसत नाही. नवे मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास जुने तापवून, काजळी पुसून, सपाट असल्याची खात्री करून घालावे. ॲल्युमिनियमचे वायसर मात्र तापवू नये. लाली न दाखवताच ते वितळते. सांधा आवळताना दोन पाने वापरावे, एकाने धरावे व दुसऱ्याने फिरवावे. गळती थांबत नाही म्हणून अतोनात आवळल्यास आटे जातात.

काम झाल्यावर आत शिरलेली हवा काढावी. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. फेस जाऊन निर्भेळ डिझेल आले की स्क्रू आवळावा, आणि तीच क्रिया मुख्य पंपाशी करावी.

आता तीन निषेध. पहिला : चालू इंजिनाच्या दाबाच्या नळीवर गळती शोधण्यास बोट फिरवू नये. सुईसारखी धार कातडी भेदून डिझेल आत शिरवते. जखम टाचणीएवढी दिसते, परंतु हात गमावण्याची पाळी येऊ शकते. अशा जखमेत वेदना नसली तरी तत्काळ रुग्णालयात जावे. शोध पुठ्ठ्याच्या तुकड्याने, अंतर राखून घ्यावा. नव्या कॉमन रेल गाड्यांत दाब हजार बारच्याही वर जातो. तेथे तर घरी हात लावूच नये. दुसरा : दाबाच्या नळीला डाग देऊ नये; ती बदलावीच. तिसरा : टाकी रिकामी आहे म्हणून वेल्डिंग करू नये. रिकाम्या टाकीत वाफ भरलेली असते, आणि तिच्या स्फोटात कारागीर दगावतात. वाटेत टाकी पाझरली तर धुण्याच्या साबणाची वडी चिरेवर घासावी. डिझेलमध्ये साबण विरघळत नाही, म्हणून घरापर्यंत येता येते. ती मलमपट्टी आहे, उपचार नव्हे.

आणखी एक गोष्ट. इंजिन ऑइलची पातळी आपोआप वाढत असेल आणि त्यास डिझेलचा वास येत असेल, तर गळती आतल्या आत आहे असे समजावे. पातळ झालेले ऑइल बेअरिंगे खाते. अशी गाडी पुढे हाकू नये.

कित्येक जण विचारतात, इतकी वर्षे न गळलेला पंप आता का गळतो? १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहाचे इंधन मिळू लागले; त्यातील गंधकाचे प्रमाण दशलक्षात दहा भागांहून अधिक नसते. गंधक काढण्याच्या क्रियेत रबराला फुगवून ठेवणारी द्रव्येही कमी होतात, आणि जुनी सीले आखडतात. अमेरिकेत १९९३ साली कमी गंधकाचे डिझेल आले तेव्हाही अशा तक्रारी निघाल्या होत्या. हवा शुद्ध राहते, हा लाभ मोठा आहे. आपण जुनी सीले काढून नव्या इंधनास टिकणारी बसवावी, हे बरे.

बंधुभगिनींनो, अशा गाडीत आपली मुलेबाळे बसतात, देवदर्शनाला आणि लग्नकार्याला याच गाड्या जातात. म्हणून प्रत्येक घरातील एका तरी मुलाने वा मुलीने हे निदान शिकावे, गाडीत दोन वायसरे, हातभर नळी, क्लिपा आणि दोन पाने ठेवावी, आणि निघण्यापूर्वी एकदा वाकून खाली पाहावे. आपल्या वडिलांनी हाताला अक्कल दिली. ती नव्या यंत्रांवर लावणे हेच त्यांचे स्मरण होय.